लग्नसराईतून थेट जॅझच्या सीझनला: खान्देशातल्या ट्रंपेटवाल्याने युरोप गाठावा का?

तापीकाठ
राम राम मंडळी. इथे जॅझवर धागे फार निघत नाहीत, तरी विचारून बघतो.

मी मूळचा भुसावळचा. टेनर सॅक्स वाजवतो. हिवाळ्यात पुण्यामुंबईत मिळतील ते कार्यक्रम आणि जून-जुलैत पाच जणांच्या गटाबरोबर युरोप. तिकडचा मोसम एवढ्याशा काळात कोंबलेला असतो. पेरुजाचा उंब्रिया जॅझ, रॉटरडॅमचा नॉर्थ सी, स्वित्झर्लंडातला मोंत्रो, कोपनहेगन, फिनलंडमधला पोरी, सगळे जुलैतच आणि एकमेकांच्या अंगावर. गैरसमज नको, आम्ही त्यांच्या मोठ्या मंचावरचे नव्हे. आम्ही बाहेरच्या चौकातले, दुपारी चारच्या उन्हातले आणि आजूबाजूच्या छोट्या गावांतले.

आमचा ट्रंपेटवाला यंदा येत नाहीये. माझ्या डोक्यात माझा भाचा आहे. धरणगावकडचा, घरात तीन पिढ्या बँड. कान असा की एकदा ऐकलं की वाजवलं. नोटेशन, म्हणजे कागदावर लिहिलेले सूर, मात्र अडखळत वाचतो. दाट तिथीला सकाळी एक ऑर्डर, संध्याकाळी दुसरी, असं मार्चपासून चालू आहे.

ताई म्हणते घेऊन जा. भाऊजी म्हणतात जूनच्या सुपाऱ्यांचा इसार घेऊन बसलोय, त्या कोण वाजवणार? आणि गटातले दोघे म्हणतात, बँडवाल्याचा आवाज फुटका असतो, त्याला हळू वाजवता येत नाही. माझं मत असं की खान्देशच्या उन्हात चार महिने वरात वाजवलेला माणूस कुठलाही फेस्टिव्हल सीझन काढेल. पण मी मामा पडलो. फिरतीचा अनुभव असलेल्यांनी लिहा.

शंकासुर
जॅझ म्हणजे तेच ना, ज्यात प्रत्येक जण आपापलं गाणं वाजवतो आणि सगळे एकदम थांबले की लोक टाळ्या वाजवतात?

रिदम_सेक्शन
@शंकासुर, सगळे एकदम थांबले तर पहिल्या टाळ्या आमच्याच असतात.

मी ड्रम वाजवतो, दोन वेगवेगळ्या गटांबरोबर तिकडे जाऊन आलोय. तापीकाठ, तुमचं निम्मं खरं आहे. सीझन म्हणजे वाजवणं कमी आणि वाट बघणं जास्त. आदल्या गावी मध्यरात्री कार्यक्रम संपतो, पहाटे व्हॅन, मग विमानतळ, मग पुन्हा व्हॅन. पोचल्यावर पंधरा-वीस मिनिटं साउंडचेक. मग पाच-सहा तास एखाद्या तंबूत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसायचं. मग पाऊण तास वाजवायचं, आणि त्या पाऊण तासात अशी उमेद दाखवायची की जणू सकाळपासून झोपूनच उठलोय. हे ज्याला जमतं तो टिकतो. बोटं चालणं त्याच्या नंतर येतं.

दुसरं म्हणजे, वाद्य आपलं नसतं. ड्रमसेट, पियानो, अँप आयोजक देतात. मी फक्त झांजा, स्नेअर (समोरचा छोटा ड्रम) आणि काठ्या नेतो. आधीचा गट उतरला की दहा-पंधरा मिनिटांत अंधारात परक्या ड्रमची उंची लावायची. बासवाल्याचे हाल तर विचारू नका. एवढं मोठं डबल बास विमानातून कोण नेणार? रोज नव्या गावात नवं भाड्याचं बास, कधी तारा बोटभर उंच. त्या मानाने तुमचा भाचा सुखी, ट्रंपेटची पेटी डोक्यावरच्या कप्प्यात मावते.

केळीवाला
आमच्या रावेरात बँडवाले ट्रॅक्टरवर किबोर्ड, मागे जनरेटर, त्यामागे लाइटवाल्या बाया, असं सगळं अर्ध्या तासात उभं करतात. रस्त्यात खड्डा, वर विजेच्या तारा, पुढे नवरदेवाचा मामा गाडीसमोर आडवा. ह्याच्यापुढे फिनलंड काय भो.

धुळेकर_मास्तर
"बँडवाल्याचा आवाज फुटका" हे वाचलं आणि लॉगिन केलं. एरवी मी नुसता वाचतो.

आमच्या वडिलांपासून बँड आहे. ट्रंपेट जोरात का वाजते, तर चार साइड ड्रम, दोन ढोल, डोक्यावर भोंगे आणि समोर नाचणारी शंभर पोरं असतात. तिथे गोड वाजवलं तर फक्त वाजवणाऱ्यालाच ऐकू येईल. तोच माणूस मंडपात नवरी येताना वाजवतो तेव्हा ऐका. माझा एक क्लॅरनेटवाला होता, हळदीच्या दिवशी असा वाजवायचा की मांडवातल्या बायका पापड लाटायच्या थांबायच्या. हळू वाजवता येत नाही असं नसतं, हळू वाजवायला कोणी सांगत नाही.

आता उन्हाचं. एप्रिल-मेत आमच्याकडे पारा ४३-४४ ला जातो. पितळ हाताला धरवत नाही म्हणून डाव्या हातात रुमाल गुंडाळायचा. माउथपीस शर्टाच्या आतल्या खिशात ठेवायचा, उघड्यावर तापला तर ओठाला फोड ठरलेला. हवा तापली की फुंकवाद्याचा सूर चढतो. किबोर्ड जागचा हलत नाही, म्हणून आम्ही ट्यूनिंगची नळी बोटभर बाहेर ओढून वाजवतो आणि सावलीत आलो की परत आत. वाल्व्हचं तेल दुपारपर्यंत वाळतं, वर गुलाल आणि धूळ बसते, मधलं बटण दाबलं की वर यायला मागत नाही. अशा वेळी गाणं न थांबवता दोन वाल्व्हवर सूर कसा काढायचा ते पोरं आपोआप शिकतात. तुमच्या भाच्याला हे सगळं येत असणार. पोऱ्याले जाऊ द्या भाऊ.

तापीकाठ
मास्तर, अगदी. सूर चढायचं कारण म्हणजे ध्वनीचा वेग. तापमान एका अंशाने वाढलं की तो सेकंदाला साधारण ०.६ मीटरने वाढतो, नळीची लांबी तर तेवढीच. तारांचं उलटं, ऊन लागलं की तार सैल पडून सूर उतरतो. पेरुजाच्या भर दुपारच्या उन्हात पियानो खाली आणि आम्ही फुंकणारे दोघे वर अशी ओढाताण असते. तिकडचे वादक तक्रार करत बसतात. भाचा काही न बोलता नळी ओढेल.

शिष्टसूर
सगळ्यांनी एका सुरात वाहवा चालवली आहे म्हणून जरा विरोधी लिहितो. मी पियानो शिकवतो.

उन्हात उभं राहणं ही चांगली गोष्ट आहे, पण ती जॅझ नव्हे. जॅझमध्ये गाण्याच्या खाली कॉर्ड, म्हणजे एकदम वाजणारे सुरांचे गट, बदलत असतात आणि वादकाला त्या बदलांवरून, बाराही पट्ट्यांत, जागेवर रचत जायचं असतं. बँडमध्ये चाल पाठ असते. एका चालीत चार हरकती घेणं वेगळं आणि अनोळखी गाण्याच्या बत्तीस बारांत काहीतरी सांगणं वेगळं. नोटेशन अडखळतंय म्हणता. फेस्टिव्हलला साउंडचेकच्या वेळी कोणीतरी नवा कागद पुढे ठेवतो तेव्हा काय करणार? पोरगा हुशार असेल, पण त्याला तिकडे नेऊन चौकात उघडा पाडू नका. एक वर्ष बसवा, मग न्या.

अमळनेरी
@शिष्टसूर, मुद्दा मान्य. पण जॅझ जन्मला कुठे? न्यू ऑर्लिन्सच्या रस्त्यावरच्या बँडमध्येच ना? अंत्ययात्रेला जाताना संथ आणि परतताना नाचत वाजवणारे पितळी बँड तिथे आजही आहेत. लुई आर्मस्ट्राँग मुलांच्या सुधारगृहाच्या बँडमध्ये कॉर्नेट (ट्रंपेटचं आखूड भावंड) शिकला. आपल्याकडचं घ्या. कद्री गोपालनाथ यांनी सॅक्सोफोन पहिल्यांदा ऐकला तो म्हैसूरच्या राजवाड्याच्या बँडमध्ये, आणि १९९४ मध्ये त्यांनी तोच लंडनच्या बीबीसी प्रॉम्स या संगीत महोत्सवात कर्नाटक संगीतासाठी वाजवला.

आमच्या अमळनेरला वैशाखात सखाराम महाराजांची यात्रा असते, एकादशीला रथ. त्या गर्दीत वाजवणारे बँडवाले बघा. रथ थांबला की थांबायचं, चालला की चाल धरायची, मध्येच भजन सुरू झालं की त्याची पट्टी पकडायची. त्यांच्यासमोर कोण कागद ठेवतं?

शिष्टसूर
१९०० च्या सुमाराचं न्यू ऑर्लिन्स आणि आजचा युरोपातला गट यांत शंभर वर्षांचं संगीत आहे हो. उगमाचं पाणी पिऊन समुद्रात पोहता येत नाही. आणि रथाच्या वेळी पट्टी पकडणं हे कौतुकाचंच आहे, मी त्याला कमी लेखत नाही. पण ते ऐकण्याचं कौशल्य झालं. कॉर्डचं व्याकरण वेगळं शिकावं लागतं.

शंकासुर
खान्देशात उगमाचं पाणी मिळालं तर आधी टँकर भरतील, पोहण्याचं नंतर.

कानकोंडा
मी कान-नाक-घसा डॉक्टर आहे, जॅझमधलं शून्य कळतं. पण बँडवाली पोरं दवाखान्यात येतात म्हणून लिहितो.

८५ डेसिबल आवाजात आठ तास काढले तर चालून जातं असं कामाच्या ठिकाणचं एक प्रमाण आहे. त्यापुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. म्हणजे १०० डेसिबलला पंधरा मिनिटं. वरातीत भोंग्यासमोर उभा राहणारा वादक हे प्रमाण पहिल्या दोन गाण्यांत ओलांडतो आणि मग तीन तास वाजवतो. पंचविशीतल्या पोरांना रात्री कानात शिट्टी ऐकू येते आणि ती म्हणतात, "डॉक्टर, सीझन संपला की जाते." एखाद्या वर्षी ती जात नाही.

तापीकाठ, न्यायच्या आधी भाच्याची ऑडिओमेट्री (ऐकण्याची तपासणी) करून घ्या आणि संगीतकारांसाठीचे इअरप्लग द्या. ते कापसाच्या बोळ्यासारखे सगळं बंद करत नाहीत, सगळे स्वर सारख्या प्रमाणात खाली आणतात. "हळू वाजवता येत नाही" याचं कारण कधीकधी ओठात नसून कानात असतं.

आणि उन्हाबद्दल: थंड पेयावर सीझन काढू नका. एक लिटर पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. चमचा चहाचा. हे व्हॅनमध्येही करता येतं.

धुळेकर_मास्तर
डॉक्टरसाहेब, शिट्टीचं तुमनं बठ्ठं खरं शे. मला स्वतःला डाव्या कानाने कमी येतं, भोंगा कायम डावीकडेच होता. पोरांना सांगितलं तर म्हणतात कानात बोळे घातले तर मालकाला वाटेल आम्हीच आमचं वाजवलेलं ऐकत नाही.

आखाजी
मी गाणारी-वाजवणारी नाही, बँडवाल्याच्या घरातली सून आहे. एक गोष्ट कोणीच लिहिली नाही म्हणून लिहिते.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, इकडे लेकी माहेरी येतात, झोके बांधतात. आमच्याकडे नेमकी तेव्हाच सगळ्यात दाट तिथ. लग्न झाल्यापासून आखाजीला नवरा घरी जेवलाय असं मला आठवत नाही. घागर मी आणि सासूबाई भरतो. आणि जिथे वाजवायला जातात तिथे पंगत कधी? सगळे जेवले की. वरण-बट्टी गार झालेली, वांग्याची भाजी तळाला गेलेली, आणि जागा मांडवाच्या मागे, भांडी घासतात तिथे. सगळेच यजमान असे नसतात, पण असतात. वर्दीतल्या पोराला कोणी "अहो" म्हणत नाही, "ए बँडवाला" म्हणतात.

तिकडे वादकांना कसं वागवतात ते लिहा. माझ्या मते भाऊजींचा खरा प्रश्न जूनच्या ऑर्डरीचा नसेल. पोरगा तिकडचं बघून आला तर परत वर्दी घालेल का, हा असेल.

तापीकाठ
वहिनी, तुम्ही बरोबर नस धरलीत. काल भाऊजींशी बोललो, ते अगदी हेच म्हणाले, फक्त जरा चिडून.

तिकडे कलाकारांचं जेवण ही करारातली अट असते. मंचामागे तंबू, गरम जेवण, आणि आपल्या आधी कोणी जेवलं तर ते आवाजाची माणसं, कारण ती सकाळपासून राबत असतात. मोठ्या नावाचा कलाकार आणि आमच्यासारखे चौकातले बऱ्याच ठिकाणी एकाच रांगेत ताट घेऊन उभे असतात. पण सगळं गोड नाही. एका गावी आयोजकाने मानधन "पुढच्या आठवड्यात" म्हणून सांगितलं आणि ते दिवाळीला आलं. एका विमान कंपनीने सॅक्स जबरदस्तीने खाली सामानात टाकला, उतरलो तेव्हा वरची किल्ली वाकलेली. त्या रात्री रबरबँड लावून वाजवलं.

उत्तरध्रुव
कोपनहेगनहून. इथला जॅझ फेस्टिव्हल १९७९ पासून आहे, जुलैत दहा दिवस. एक मोठं मैदान नाही, सगळं शहरच मैदान. कालव्याकाठी, दारूच्या गुत्त्यात, चर्चमध्ये, अंगणात, कुठेही. बरेच कार्यक्रम फुकट. रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे नवख्याला झोप कधी घ्यायची तेच कळत नाही. मी जळगावची, मलाही पहिल्या वर्षी कळलं नव्हतं.

एक निरीक्षण. इथले प्रेक्षक गाणं चालू असताना गप्प असतात, एकल वाजवून झालं की टाळ्या, मग परत गप्प. नाचायला सहसा उठत नाहीत. खान्देशातून आलेल्या पोराला वाटेल की आपलं वाजवणं आवडलंच नाही. हे आधी सांगून ठेवा.

केळीवाला
पैशाचं बोला की. किती सुटतात?

तापीकाठ
@केळीवाला, आकडा चव्हाट्यावर नको, पण हिशोब सांगतो. विमान, व्हिसा, विमा आणि गटाचा वाटा गेल्यावर माझ्यासारख्याला जुलैअखेर हातात राहतं ते पुण्यातल्या लग्नाच्या हंगामाइतकंच, कधी कमी. जर्मनीत परदेशी कलाकाराच्या मानधनातून साधारण १५ टक्के कर आणि वर अधिभार जागेवरच कापतात. एका कार्यक्रमाचे २५० युरोपर्यंत असतील तर तिथे शून्य. म्हणून छोटी कामं आम्हाला बरी पडतात.

व्हिसा शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ब्रिटनचा वेगळा, त्यामुळे "जाता जाता लंडनला एक कार्यक्रम" हे भाबडेपण. वाद्य नेताना एटीए कार्नेट (सामान तात्पुरतं नेऊन परत आणण्याचा जकातीचा कागद) काढलं की सीमेवर जकातीची कटकट वाचते, आपल्याकडे ते फिक्की ही उद्योजकांची संघटना देते. एका ट्रंपेटसाठी बहुतेक कोणी काढत नाही, गटाची पेटारे भरून यंत्रं असतील तर काढावं.

रिदम_सेक्शन
अवांतर भर: क्लॅरनेटवाल्यांनो, काळ्या लाकडाची वाद्यं २०१७ मध्ये साइट्सच्या (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियमात आली होती, कागद लागायचे. २०१९ च्या नोव्हेंबरात तयार वाद्यांना सूट मिळाली. जुने लेख वाचून घाबरू नका.

शंकासुर
आणि कळण्याचं पीठ, ठेचा, खापराची पुरणपोळी? जकातवाला विचारेल हे वाद्य कोणतं?

आखाजी
पुरणपोळी प्रवासात टिकत नाही भाऊ. कळण्याचं पीठ टिकतं. ठेचा तेलात परतून न्यायचा, दोन बरण्यांत, एक फुटतेच. :)

रेल्वेकॉलनी
जरा उशिरा आलो. भुसावळचं नाव वाचून लिहितो.

वडील रेल्वेत होते. नाताळात रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये डान्स असायचा, मुंबईहून गोव्याचे वादक यायचे. आम्ही पोरं खिडकीला लटकून ऐकायचो. पुढे कळलं की मुंबईच्या हॉटेलांत जॅझ वाजवणारे हेच लोक सकाळी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला जायचे. चिक चॉकलेट, फ्रँक फर्नांड. रात्रभर ताज, सकाळी स्टुडिओ. सी. रामचंद्रांच्या गाण्यांत जो ट्रंपेटचा थाट ऐकू येतो तो उगाच नाही. १९७८ ला मुंबईत पहिली जॅझ यात्रा (जॅझचा महोत्सव) झाली तेव्हा मी नोकरीला लागलो होतो. रंगभवनात उघड्यावर अमेरिकेचा सॅक्सवाला सॉनी रॉलिन्स ऐकला. शेजारी बसलेला माणूस वरळीच्या एका बँडचा ट्रंपेटवाला निघाला, रात्रपाळीची ऑर्डर सोडून आला होता.

शिष्टसूर म्हणतात ते व्याकरण या मंडळींना कोणी शाळेत शिकवलं? गोव्याच्या चर्चच्या शाळांत नोटेशन मिळालं, बाकी रेकॉर्डी ऐकून. तुमच्या भाच्याला नोटेशनची बाजू लंगडी आहे, एवढंच. कान असेल तर ती भरता येते.

शिष्टसूर
@रेल्वेकॉलनी, चर्चच्या शाळांत मिळालं हेच तर मी म्हणतोय! पाया होता. पण तुम्ही आठवण छान लिहिलीत, वाद घालावासा वाटत नाहीये. तापीकाठ, एक सुचवतो. पोराला आठवड्यातून तीनदा ऑनलाइन घेतो, फी नको. गटाची दहा गाणी पाठवा. दहा गाण्यांच्या कॉर्ड त्याला कळल्या तर मी माझा शब्द मागे घेईन. नाही कळल्या तर तुम्ही मागे घ्या.

तापीकाठ
सर, मंजूर. आजच व्यनि (खासगी निरोप) करतो.

भाच्याला धागा वाचायला दिला होता. तो दिवसभर नशिराबादच्या एका लग्नात होता, रात्री साडेदहाला फोन केला. दहाला भोंगा बंद करावा लागतो म्हणून लवकर सुटला म्हणे. त्याचे दोन प्रश्न. एक, तिकडे खरंच कोणी नाचत नाही? दोन, मास्तरांनी लिहिलेलं नळीचं गणित त्याला माहीत होतं, पण ध्वनीच्या वेगाचं नव्हतं, ते अजून कुठे वाचायला मिळेल?

भाऊजी अजून तयार नाहीत. जूनच्या सात ऑर्डरी आहेत, इसार घेतलेला आहे आणि शब्द मोडायचा नाही, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

उत्तरध्रुव
पहिल्याचं उत्तर: पेरुजात रोज मुख्य रस्त्यावरून, कोर्सो वानुच्चीवरून, चालता बँड निघतो आणि लोक मागे नाचत जातात. तिथे त्याला घरच्यासारखं वाटेल. गाव टेकडीवरचं आहे, पण वरात वाजवणाऱ्याला काय त्याचं.

धुळेकर_मास्तर
सात ऑर्डरींसाठी तुमच्या भाऊजींचा नंबर व्यनि करा. माझा एक पोरगा जूनमध्ये मोकळा आहे, आमच्या तिथी या वर्षी मेमध्येच संपतात. वर्दी तुमची, पोरगा माझा, पैसे तुम्ही आपसात ठरवा. पण मिरवणुकीआधी त्याला जेवायला बसवायचं, ही अट लिहून घ्या. आखाजी वहिनींनी सांगितल्यापासून मी सगळ्याच ऑर्डरींना ती घालायला लागलोय. दोन मालक हसले, एकाने लगेच मान्य केली.

केळीवाला
मास्तर, एक नंबर.

रिदम_सेक्शन
तापीकाठ, पासपोर्ट आहे का पोराकडे? परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने मुदत हवी, आणि पासपोर्ट दहा वर्षांपेक्षा जुना नको. नसेल तर जळगाव-धुळ्याच्या पासपोर्ट केंद्रातल्या वेळा आजच बघा.

आणि एक कप म्यूट, एक प्रॅक्टिस म्यूट घेऊन द्या, म्हणजे ट्रंपेटच्या तोंडात बसवून आवाज दाबायची बुचं. पहिला गटातल्या त्या दोघांसाठी, दुसरा हॉटेलसाठी. तिकडे भिंती पातळ असतात आणि शेजारी पहाटे चारला उठून रिसेप्शनला फोन करतात.

तापीकाठ
पासपोर्ट नाहीये. उद्या सकाळी ताईला घेऊन बसतो. मास्तर, नंबर पाठवला.